माझ्यावर कोपर टेकून भांडणारे दोघे

मित्रांनो, आधी एक गोष्ट साफ सांगते. मी टेबल नाही. माझ्यावर ऑइलक्लॉथ अंथरलेला आहे, त्यावर मिक्सर आहे, मिक्सरला खेटून कोकमांची बरणी आहे, हे सगळं खरं. तरीही मी टेबल नाही. मी पेटी आहे, हार्मोनियम. करी रोडच्या एका चाळीत, लवू परबाच्या खोलीत, खिडकीखाली असते. म्हातारी झाले आहे, पण कान अजून शाबूत आहेत.

मला गिरगावात रामदास मिस्त्रींनी घडवलं. अंग सागवानी, आत पितळी रीड, आणि भात्याच्या घड्यांना मऊ चामडं. पहिल्यांदा भाता हलवून त्यांनी एक पट्टी दाबली आणि म्हणाले, "बाई, गळा बरा आहे तुझा." तेवढं कौतुक मी आजपर्यंत पुरवून पुरवून वापरते आहे.

तिथून मला इथल्या भजनी मंडळानं आणलं. मंडळात पखवाज होता, टाळ होते, आणि माझ्यामागे मिसरूड फुटलेला लवू. गिरणी कामगाराचा मुलगा, स्वतःही गिरणीत बदलीवर जायचा. पण संध्याकाळी हातपाय धुऊन माझ्यापुढे बसला की काय सांगू! डाव्या हातानं भाता, उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर. मी काही फार मोठ्या खानदानातली नाही, पण त्याच्या हाताखाली मला तसं वाटायचं.

एकदा मंडळाला ठाकूरद्वारच्या एका देवळात बोलावलं होतं. भजन संपल्यावर इस्त्रीच्या शर्टातला एक चष्मेवाला पोरगा लवूला चिकटलाच. हा हेरंब. फोर्टमध्ये कारकुनाची नोकरी आणि विलायती गिटारचं वेड. घरी गिटार आणली होती, पण तारांनी बोटांना फोड आले आणि यानं हाय खाल्ली. "तुझी बोटं कशी फिरतात रे?" असं विचारत तो लवूच्या मागे मागे करी रोडपर्यंत आला, आणि मग येतच राहिला.

आणि मग ते झालं. गिरणीत लवूचा उजवा हात यंत्रात सापडला. मधल्या दोन बोटांची पुढची पेरं गेली. हाताचं बँडेज सुटल्यावर तो माझ्यापुढे बसला, हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, झाकण लावलं आणि कडी घातली.  मंडळाचे लोक मला न्यायला आले, तेव्हा म्हणाला, "राहू दे हितंच." मला वाटलं, ठेवून घेतलंय म्हणजे कधीतरी उघडेल. मित्रांनो, माझं सगळं आयुष्य या एका आशेवर गेलं. लवूनं मला पुन्हा वाजवावं, बस. दुसरं काही मागितलं नाही मी.

लवू कुणाशी बोलेनासा झाला. मग एका रविवारी हेरंब टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट घेऊन आला. टेपरेकॉर्डर ठेवला कुठे? माझ्या डोक्यावर! आणि त्यातून जो काही दणका निघाला, माझे रीड आतल्या आत थरथरले. हेरंब म्हणाला, "हा टोनी आयोमी, गिटारवाला. बर्मिंगहॅमचा. कारखान्यात काम करायचा. यंत्रात याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. प्लॅस्टिक वितळवून त्यानं टोप्या बनवल्या, बोटांना घातल्या, तारा सैल केल्या. हे त्याच हातानं वाजवलंय."

लवूनं कॅसेट पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "जगात ह्याच्यासारखा दुसरा नाय."

हेरंबनं चष्मा वर ढकलला आणि म्हणाला, "हट्! बी. बी. किंगच्या गिटारपुढे कोण हा?"

झालं. तिथून जे भांडण सुरू झालं, ते दर रविवारी. हेरंब ठाकूरद्वारहून यायचा, दोघं माझ्यावर कोपर टेकायचे आणि जुंपायची. लवू म्हणायचा, टोनीचा हात पडला की आवाजाची भिंत उभी राहते. हेरंब म्हणायचा, भिंत कोणीही बांधेल, किंग एकच सूर लावतो, तो ओढून जरा वर नेतो, आणि माणूस जागच्या जागी बसतो. मध्येच हेंड्रिक्स नावाच्या तिसऱ्याच गिटारवाल्याचं नाव निघालं की तेवढ्यापुरते दोघं एक व्हायचे, "तो वेगळाच" म्हणायचे, चहा प्यायचे आणि पुन्हा भांडायचे.

हा ओढलेला सूर माझ्या फार जिव्हारी लागला. गिटारवाला तार दाबून सरकवतो आणि दोन सुरांच्या मधली जागा गाठतो. माझ्या दोन पट्ट्यांच्या मध्ये नुसती फट असते. "पेटीला हे जन्मात जमणार नाही," असं हेरंब माझ्याच डोक्यावर कप आपटून सांगायचा. अरे, निदान वेगळ्या खोलीत जाऊन तरी बोल!

त्याहून वाईट एक होतं. किंगच्या गिटारला म्हणे नाव होतं, ल्युसिल. जिथे तो वाजवत होता तिथे आग लागली, तर हा बाहेर आलेला माणूस गिटारसाठी पुन्हा आगीत शिरला. ही गोष्ट ऐकली त्या दिवशी माझ्यावर ओला टॉवेल वाळत टाकलेला होता. तो उचलायलाही कोणी उठलं नाही. आगीचं तर सोडूनच द्या.

लवूची बायको रखमा मालवणची. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "तुमचो तो गिटारवालो जेवूक घालतलो काय? उठा, भात थंड झालो." मग कोपरं उचलली जायची आणि मी पुढच्या रविवारपर्यंत एकटी.

हळूहळू मला एक कळलं. हे भांडण गिटारचं नव्हतंच. लवूच्या हाताबद्दल या दोघांनी कधी चकार शब्द काढला नाही. पण टोनीच्या हाताबद्दल किती बोलायचे! "थंडीत ठणकत असतील रे त्याची बोटं," लवू म्हणायचा. "ठणकतच असणार," हेरंब म्हणायचा. "लोक बघत असतील त्याच्या हाताकडे." "बघू देत. वाजवतो ना तो?" यावर लवू माझ्या कडीकडे बघायचा. मी श्वास रोखून धरायची. मग तो म्हणायचा, "त्याची गोष्ट वेगळी."

असं किती वेळा झालं असेल! दरवेळी वाटायचं आज, आणि दरवेळी रखमाचा भात तयार व्हायचा. गिरणी बंद झाली, लवू परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून लागला, तिथूनच रिटायर झाला. टेपरेकॉर्डर गेला, मोबाईल आला. भांडण तेच राहिलं. आणि माझ्या आत काय चाललं होतं ते कोणाला दिसत नव्हतं. इथली हवा दमट, चामडं कडक झालं. उंदरांनी एकदा बिऱ्हाड केलं, पोरंबाळं वाढवली आणि निघून गेले. मी कोणाला सांगणार?

मग हेरंब म्हणायला लागला, "मोठ्यानं लाव रे." लवू मोठ्यानं लावायचा. "अजून." शेजारचे दार वाजवायला लागले तरी हेरंबचं "अजून." डॉक्टरांनी कानात यंत्र बसवलं, पण त्याची मुलगी मनवा एकदा दारात उभी राहून सांगून गेली, "काका, बाबांना बोलणं थोडं समजतं, पण गाणं लावलं की पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू येतं. ते आता नाही म्हणतात यायला."

त्यानंतरचे रविवार मी विसरणार नाही. लवू एकटाच माझ्यावर कोपर टेकून बसायचा. मोबाईलवर किंग लावायचा, टोनी नाही. "एकच सूर लावतो म्हणे," असं पुटपुटायचा आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचा. उलट उत्तर द्यायला कोणी नव्हतं. खोलीत आम्ही दोघं होतो, आणि त्याच्या लेखी तो एकटाच होता. मित्रांनो, असं एकटेपण कोणाच्या वाट्याला येऊ नये.

गेल्या महिन्यात लवू स्वतः टॅक्सी करून ठाकूरद्वारला गेला आणि हेरंबला घेऊनच आला. हेरंब खूप वाळला होता. खुर्चीत बसला आणि बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं बोलला, "कशाला आणलंस? आता कशावर भांडू मी? मला ऐकूच येत नाही रे."

लवू उठला. त्यानं मिक्सर उचलून खाली ठेवला. बरणी रखमाच्या हातात दिली. ऑइलक्लॉथ काढला. माझी कडी गंजली होती, ती सांडशीनं ठोकून उघडली. त्यानं हेरंबचा तळहात धरून माझ्या अंगावर सपाट टेकवला. आणि डावा हात भात्याला लावून उजव्या हाताची बोटं, ती आखूड दोन धरून सगळी, माझ्या पट्ट्यांवर ठेवली.

काय सांगू तुम्हाला! तोच हात होता.

लवूनं भाता मारला. फस्स. पुन्हा मारला. फस्स. जिथेतिथे वारा निघून गेला. मी होता नव्हता तेवढा जीव लावला. एक सूर, देवा, एकच सूर दे! नाही आला. एवढी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, तो आला आणि माझ्याकडे त्याला द्यायला काही नव्हतं.

लवूचा चेहरा उतरला. तो हात काढणार, तेवढ्यात हेरंब ओरडला, "आला! आला रे!" त्याचे डोळे मिटलेले होते. माझ्या फाटक्या भात्याची धडधड त्याच्या तळहाताला लागत होती. "थांबू नकोस! वाजव!"

लवूनं रखमाकडे पाहिलं. तिनं तोंडाला पदर लावला आणि मान हलवली, सांगू नका. मग लवूनं भाता सोडला नाही. मुक्या पट्ट्यांवर त्यानं अख्खं भजन वाजवलं, पूर्वी वाजवायचा तसं, मान डोलवत. त्याचे गाल ओले झाले होते.

"लवू, बघ, जमतंय की तुला त्या बोटांनी!" हेरंब म्हणाला. त्या बोटांचं नाव त्यानं पहिल्यांदा काढलं. "आता इतकी पळवू नकोस. एक सूर धर. किंग काय करतो?"

लवू त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "तुझा किंग गेला उडत! टोनीच मोठा!"

हेरंब खो खो हसला. "मूर्ख आहेस! पुढच्या रविवारी सांगतो तुला."

तेव्हापासून तो दर रविवारी येतो. लवू वाजवतो, हेरंब तळहात ठेवून चुका काढतो, आणि मी ऐकते. माझ्यावर मिक्सर नसतो, हात असतो. माझ्या गळ्यात काही नाही, हे लवूला माहीत आहे, रखमाला माहीत आहे आणि मला माहीत आहे. रखमा म्हणते, दुरुस्त करून घेऊ. लवू हो म्हणतो. बघू.

मित्रांनो, तुमच्याही घरात, माळ्यावर किंवा पलंगाखाली, एखादं वाद्य पडलेलं असेल. उद्यावर टाकू नका, आजच काढा. पुसा आणि वाजवून बघा. आणि एक कराल? सूर नाही आला तर त्याच्यावर चिडू नका. तुमची वाट बघताना त्यानं बिचाऱ्यानं किती दिवस दम धरला होता, ते तुम्हाला माहीत नाही.