नाकाजवळची ओल

चारुलता पान्याच्या दांड्याने होडीची पाठ ठोकत पुढे सरकली. टणटण आवाज येत होता आणि पुढच्या टोकाला, होडीच्या नाकाजवळ, एकदम भद्द. कान लावून तिने पुन्हा ठोकलं. आत पाणी होतं.

बरकतपुऱ्यातल्या घरासमोर, स्कूटरच्या जागेवर, तिची फायबरची शिडाची होडी पालथी घातलेली होती. रविवारी हुसेनसागरवर शर्यत. बाळंतपणानंतर चारुलता पहिल्यांदाच उतरणार होती. तिने वरचा थर घासून काढला. आतला फोम चहात बुडालेल्या उस्मानिया बिस्किटासारखा झाला होता. साऱ्या चिरा एकाच ठिपक्यापासून फुटलेल्या.

सासरे एकनाथराव खुर्चीतून वाकून बघत होते. "ही तर नारळाची जागा."

दर दसऱ्याला ते पालथ्या होडीला हळदकुंकू वाहून तिच्या नाकावरच नारळ फोडत.

"हौ, मामा."

"गावाकडं ट्रॅक्टरवर फोडायचो. कधी काही झालं नाही."

"ट्रॅक्टर लोखंडाचा असतो, मामा."

एकनाथराव उठले. घरातला पंखा आणून त्यांनी होडीकडे वळवला आणि जेवणही तिथेच मागवलं.

शुक्रवारी संध्याकाळी चारुलताने उघड्या फोमवर पारदर्शक प्लास्टिक पसरून कडेने चिकटपट्टी लावली. "ओल असेल तर सकाळी आतून दव धरेल. नाही धरलं, तर उद्याच रेझिन भरून बंद करते."

सकाळी प्लास्टिक स्वच्छ होतं.

"बघ, कोरडंठाक!" एकनाथराव तिच्या आधीच येऊन बसले होते.

तिने आनंदाने रेझिनच्या डब्याचं झाकण उघडलं. मग चिकटपट्टी दिसली. एका बाजूने उचकटून पुन्हा दाबलेली, टॉवेलचे धागे अडकलेली. तिने प्लास्टिक काढून फोमवर अंगठा दाबला. अंगठा ओला झाला.

आता बंद केली, तर एवढी एक शर्यत निघाली असती. ती डब्याकडे बघत बसली. मग तिने झाकण लावलं.

"मामा, पुसलंत ना?"

ते पंख्याकडे बघू लागले. "थोडंसंच होतं, पोरी. माझ्यापायी तुझी शर्यत..."

"पाणी आत ठेवून वरून लिंपलं, तर पुढच्या दसऱ्याला नारळ फोडायला नाकच उरायचं नाही."

ते हसले नाहीत. तिने प्लास्टिकचा नवा तुकडा कापला. "हे टोक धरा. आणि मी येईपर्यंत हात लावायचा नाही."

त्यांनी टोक घट्ट धरलं. "उद्या रविवार आहे, चारू."

"माहिती आहे," ती म्हणाली आणि दातांनी चिकटपट्टी तोडली.