उजव्या फुफ्फुसातली मोहरी

मित्रांनो, आधी ताठ बसा. मी नरडाण्याजवळच्या एका शाळेतील जुनी मानवी धडाची प्रतिकृती आहे, आणि माझ्यासमोर पोक काढून बसलेले मला चालत नाही.

माझा जन्म साच्यात झाला. कारागिरांनी माझ्या पोटात यकृत, जठर, आतडी अशी नीट बसवली की एकेक अवयव काढावा आणि पुन्हा जागेवर ठेवावा. मुले मला 'पोटवाली बाई' म्हणत. मी ते कधी मनावर घेतले नाही. त्याच मुलांनी माझ्या पोटात बोटे घालून विज्ञान शिकले. पुढे वर्गात पडदा आला, चित्रे हलू लागली आणि माझी रवानगी नकाशांमागच्या कपाटात झाली. यकृताची कडी तिथेच तुटली.

मला बाहेर काढले ते संघमित्रा मॅडमनी. "पडद्यावरचं फुफ्फुस हातात घेता येत नाही," म्हणाल्या आणि स्वतःच्या ओढणीने माझे तोंड पुसले.

त्या दिवशी नववीला रोग आणि औषधे हा पाठ होता. मॅडमनी माझे उजवे फुफ्फुस उघडून आत कोरलेल्या श्वासनलिकांवर मूठभर मोहरी टाकली आणि फुफ्फुस उलटे करून झटकले. बहुतेक दाणे खाली पडले, थोडे फटींत अडकले.

"औषधानं खोकला थांबतो तो इथं, बहुतेक दाणे पडले की. पण अडकलेले दाणे म्हणजे उरलेले क्षयाचे जंतू. गोळ्या मध्येच सोडल्या तर तेच वाढतात, आणि मग साधी औषधं त्यांना पुरत नाहीत. आणि एकाच्या गोळ्या दुसऱ्यानं तपासणीशिवाय कधीही घ्यायच्या नाहीत."

मेघा नावाची मुलगी मान खाली घालून बसली होती. शाळा सुटल्यावर तिने माझे फुफ्फुस दप्तरात घातले आणि ती घरी गेली. फुफ्फुस माझेच, त्याने पाहिले ते मी पाहिले.

घरात तिची आजी द्रौपदाबाई. सारी गल्ली त्यांना अक्का म्हणे. क्षयाच्या गोळ्यांनी बरे वाटताच त्यांनी त्या बंद केल्या होत्या आणि उरलेल्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, शेजारच्या बेबाबाईंसाठी.

"हाई काय आनं व घरमा?" अक्का ओरडल्या. "कोनं काळीज शे?"

"काळीज नही अक्का, फुफ्फुस शे. शाळानं शे. तू गोया का बंद करात?"

"माले आते खोकला नही. सकाये बेबाबाईले देसू. बिचारी रातदिन खोकलस."

मेघाने वाद घातला नाही. तिने मोहरी आणली, फुफ्फुसात टाकली आणि सगळे दाणे काढायला ते अक्कांच्या हाती दिले. "बठ्ठा दाना काढी दखाड."

"जनमभर धान पाखडं मी, हाई मोहरी काय शे!"

अक्कांनी मला झटकले, आपटले, फुंकर मारली, केसांतली पिन काढून टोकरले. शेवटी थकून म्हणाल्या, "दोन दाना निंघतसच नही व."

"तुन्हा छातीमा तसाच शेतस," मेघा म्हणाली.

अक्कांनी गोळ्यांचा डबा उचलून स्वतःच्या उशाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या छातीने वर्गात उभी होते आणि मॅडम कडक आवाजात चौकशी करत होत्या. तेवढ्यात अक्का दारात. स्वच्छ फडक्यात गुंडाळलेले माझे फुफ्फुस त्यांच्या हातात, मागे खोकणाऱ्या बेबाबाई.

"बाई, नातले बोलू नका. मन्हा गोया मीच खासू. आते हिले दवाखानामा लई जासू."

मेघा मॅडमची बोलणी खाल्ल्याशिवाय राहिली नाही. न विचारता वस्तू उचलणे मलाही पसंत नाही. पण मॅडमनी फुफ्फुस माझ्या छातीत बसवले तेव्हा त्यांचे डोळे हसत होते.

बेबाबाईंना क्षय नव्हताच, दमा निघाला. अक्कांच्या गोळ्यांचा त्यांना काडीचा उपयोग झाला नसता. अक्कांनी मात्र दवाखान्याने सांगितले तसा औषधोपचार नव्याने सुरू करून शेवटपर्यंत नेला आणि गोळ्या मध्येच सोडू नका म्हणून गल्लीतल्या बायांना दटावूनही ठेवले.

आता मी कपाटात नसते, खिडकीजवळ असते. मी समाधानी आहे. मित्रांनो, माझी धूळ जरूर पुसा, यकृताची कडीही कुणीतरी लावून द्या. पण उजव्या फुफ्फुसातले ते दोन दाणे काढू नका. पुढच्या नववीला ते माझ्या छातीतच पाहू द्या.