लाल नव्हतं

"सावकाश. आधी खांदा, मग कंबर," असं म्हणत ज्येष्ठ नर्सनं खाटेला खिळलेल्या ड्रायव्हरकाकांना कुशीवर घेतलं. चादर सरकली आणि वॉर्डातली तरुण नर्स भिंतीला टेकली.

माकडहाडावरची कातडी सालीसारखी सुटून आली होती. खाली मूठ मावेल एवढा भाग सडून गेला होता.

तिची उभी हयात जखमा धुण्यात गेली होती. सगळं हॉस्पिटल तिला जखमताई म्हणायचं. "ताई आल्या की जखमासुद्धा शिस्तीत वागतात," अशी थट्टा चाले. आज मात्र तिनं चिमटा खाली ठेवला आणि नर्सकडे वळली.

"काल बघितलं नव्हतंस?"

"बघितलं हो ताई! रोज बघत होते." नर्सला रडू फुटलं. "पण लाल नव्हतं. खरंच लाल नव्हतं."

खाटेच्या पायाशी काकांची बायको उभी होती. काकू शांतपणे म्हणाल्या, "मी सांगत होते ना. पाठ पुसताना तिथं हाताला गरम लागायचं. मऊ, आत पाणी भरल्यासारखं. हे म्हणायचे, आग होतेय. या पोरी येऊन बघायच्या, म्हणायच्या, काकू, लाल नाही, घाबरू नका, बाहेर जाऊन बसा."

काका उशीत तोंड खुपसून बोलले, "लाल कुठून दिसणार? रात्रपाळीला कंडक्टर म्हणायचा, दात दाखवा, म्हणजे तुम्ही गाडीत आहात की नाही ते कळेल."



ड्रेसिंग करून ती हात धुवायला गेली. बेसिनवर तिनंच लावलेलं मोठं चित्र होतं: गोरी पाठ, त्यावर गुलाबी चट्टा, खाली 'लाली दिसताच कळवा'. दरवर्षी नव्या नर्सना ती हेच शिकवायची. बोटानं दाबा, पांढरं पडून परत लाल होतं का बघा. तिनं ओल्या अंगठ्यानं आपलाच दंड दाबला. काहीच दिसलं नाही. पुन्हा जोरात दाबला. तिचा रंग काकांपेक्षा गडद होता. लग्नाच्या बाजारात चार ठिकाणी नकार ऐकलेली कातडी ती अंगावर वागवत होती, आणि इतक्या वर्षांत हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. अशा किती पाठी तिनं 'ठीक आहे' म्हणून झाकल्या असतील?

ती परत खाटेशी आली. "काकू, त्या पोरीची चूक नाही. मी शिकवलं तेच ती करत होती. माझं शिकवणंच अर्धवट होतं. तुमचं बरोबर होतं."

"मग मला हाकलून का लावत होत्या?" काकूंनी विचारलं.



जंतू रक्तात पसरले. डॉक्टरांनी शर्थ केली, पण काका वाचले नाहीत.

महिनाभरानं ती काकूंच्या दारात जाऊन उभी राहिली. काकूंनी आत बोलावलं नाही, पाणीही विचारलं नाही. "नव्या मुली आल्यात, सोमवारी त्यांची शिकवणी आहे," ती म्हणाली. "हाताला काय लागलं होतं, ते तुम्ही त्यांना सांगाल?" काकूंनी दार लोटून घेतलं.

शिकवणीच्या दिवशी मात्र त्या आल्या. मुली गप्पा मारत होत्या. ताईंना खुर्चीवरून उठताना बघून त्याही उठल्या.

"बसा गं," काकू म्हणाल्या. "मला शिकवता येत नाही. पण पाठ कशी पुसायची, ते येतं."

त्यांनी डोळे मिटले. हात खाटेच्या उंचीवर आला, हवेतच हळूहळू खाली सरकत गेला आणि एका जागी थांबला.

"इथं," त्या म्हणाल्या.

हात त्यांनी बराच वेळ उचलला नाही.