हवेत थांबलेले विमान

मित्रांनो, आता मी जुना झालो आहे. संगणकच आहे मी. एके काळी एका घराच्या मागच्या खोलीतल्या टेबलावर बसणारा, पत्र्याच्या अंगाचा, एका पायाने लंगडा. पण माझ्यासारखा प्रसंग फार थोड्या संगणकांवर आला असेल. माझ्या पोटात एक विमान कित्येक महिने हवेत थांबून होते. त्याचीच ही हकीकत.

माझा जन्म त्याच घरातला. घरधनी टपालाचे छोटे विमान चालवत असत. हृदयाच्या दुखण्यामुळे त्यांचा परवाना गेला, तेव्हा त्यांच्या लेकीने सुटे भाग आणले आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मला उभे केले. लेक औषधांच्या प्रयोगशाळेत रसायने तपासते. माझा एकेक स्क्रू तिने औषध तोलावे तसा जपून बसवला. मग तिने माझ्यात दोन प्रोग्रॅम घातले. एक नकाशावर मार्ग आखणारा आणि दुसरा त्या मार्गावरून पडद्यावरचे विमान उडवणारा. पहिल्याने मार्गाची फाईल बाहेर द्यायची, ती निर्यात. दुसऱ्याने ती आत घ्यायची, ती आयात. निर्यात म्हणजे नक्कल. मूळ जिथल्या तिथे राहते. आम्हा संगणकांचा हा पहिला नियम आहे.

ते माझे सुखाचे दिवस होते. दुपारचा चहा झाला की घरधनी हेडफोन लावून माझ्यासमोर बसत. "गडी म्हातारा होईल, पण वाट चुकायचा नाही," असे म्हणून माझ्या पाठीवर थाप मारत. बायको दारातून विचारी, "आज कुठवर?" ते मान न वळवता म्हणत, "जाऊन येतो."

एका दुपारी ते परतीच्या वाटेवर होते. खाली ढगांचा थर होता आणि समोर उतरता उजेड. त्यांचा डावा हात छातीकडे गेला. उजव्या हाताने त्यांनी आधी विमान थांबवले आणि मगच ते खुर्चीत कलले. चांगला वैमानिक विमान वाऱ्यावर सोडून जात नाही. त्यांना दवाखान्यात नेले. ते परत आले नाहीत.

विमान मात्र तिथेच राहिले. त्यांच्या बायकोने, म्हणजे आईंनी, मला कुणाला बंद करू दिले नाही.

"ह्यांचं विमान अजून वर आहे," त्या म्हणत. "ते उतरल्याशिवाय मी हे घर सोडायची नाही."

लेकीला त्यांना आपल्याकडे न्यायचे होते. दोन जिने चढले की आईंना धाप लागे. एकदा त्या स्वयंपाकघरात पडल्या आणि संध्याकाळपर्यंत कुणाला कळलेही नाही. दीर अधूनमधून डोकावत आणि थट्टा करत, "वहिनी, विमान वर आहे ते ठीक, पण विजेचं बिल त्याच्याही वर गेलंय!"

"तुम्ही नका बोलू भाऊजी. तुम्हाला अजून सायकलवरून धड उतरता येत नाही."

माझ्यावर धूळ साचली. पंखा घरघरू लागला. ते म्हातारपण मला समजत होते. समजत नव्हते ते वेगळेच. विमान थांबवले की माझ्या आतले सारे थांबते. ढग थांबतात, वारा थांबतो. तरीही इंधनाचा काटा खाली येत होता. केसभरच, पण येत होता. मी माझ्या सगळ्या नोंदी तपासल्या. काटा हलवण्याची आज्ञा मी कधीच दिलेली नव्हती.

आईंच्याही ते ध्यानात आले.

"अगं, तो काटा बघ. मागे तू आलीस तेव्हा वरच्या रेघेवर होता."

"आई, थांबवलेल्या विमानाचं इंधन जळत नाही."

"मग बघ की."

लेक वाकून बराच वेळ पाहत राहिली. मग तिने विमान पुढे सोडण्यासाठी बटण दाबले. माझे ग्राफिक्स कार्ड तापून गेलेले. पडदा काळा झाला. चित्र परतले तेव्हा विमानाचे नाक ढगात बुडाले होते. तिने घाईने विमान पुन्हा थांबवले.

"हात लावू नकोस!" आईंनी तिचे मनगट धरले. "पडेल ते!"

म्हणून नवा संगणक आला. त्याला माझ्या शेजारीच बसवले. लेकीने माझ्याकडून मार्गाची फाईल घेतली आणि त्याला दिली. त्याला ती दिसेचना. तिने फाईल एका फोल्डरमध्ये ठेवली होती आणि तो शोधत होता दुसऱ्यात. ते जमले, तर त्याने कुरकुर केली : मार्गातला एक बिंदू ओळखीचा नाही.

"बाबांनी हाताने टाकलेला दिसतोय," लेक म्हणाली. "धावपट्टीच्या थोडा अलीकडे. तिथे विमानतळ नाही, मनोरा नाही, काही नाही. काढून टाकू?"

"ह्यांनी टाकलाय ना? मग राहू दे."

लेकीने त्या बिंदूचे अक्षांश-रेखांश हाताने भरले. नवे विमान तिने त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवले. इंधनही माझ्या काट्याइतकेच घातले, कारण आई म्हणाल्या, "उगाच टाकी भरू नकोस. ह्यांनी मोजून घेतलेलं असतं."

विमान निघाले. ढगांखाली आले, वळले आणि सरळ समुद्रावर गेले. खाली नुसते काळे पाणी. काटा तळाला टेकत आला तशी लेकीने ते थांबवले. आईंनी माझ्या पडद्यावर बोट ठेवले.

"तिकडे कुठे चालले हे? ह्या जुन्यावर तो ठिपका जमिनीवर आहे. तुझ्याकडे पाण्यात कसा?"

लेकीने दोन्ही पडदे पाहिले आणि कपाळावर हात मारला. बाबांचे आकडे अंश आणि मिनिटांत होते. अंशाची मिनिटे साठ, तेव्हा तीस मिनिटे म्हणजे अर्धा अंश. तिचा सगळा जन्म दशांश चिन्हात गेलेला. तिने तीस मिनिटांना दशांश तीस केले होते. तेवढ्याने बिंदू कितीतरी मैल सरकला होता.

तिने आकडे दुरुस्त केले आणि विमान पुन्हा पहिल्या जागी, तेवढ्याच इंधनानिशी ठेवले. नव्या संगणकाच्या नकाशात घरेसुद्धा दिसतात. ती नकाशा जवळ आणत गेली आणि थांबली.

"आई, हे आपलं घर आहे."

"घर नव्हे, गच्ची," आई म्हणाल्या. "नोकरीत असताना धावपट्टीकडे जाताना हे वरून जायचे आणि पंख हलवायचे. मी वाळत घातलेली चादर हलवायची." मग त्या उठल्या. "तू सोड विमान. मी वर जाते."

"आई, ते पडद्यावर दिसणार आहे. गच्चीवर काय दिसणार?"

"मी कधी पडद्यावर बघितलंय त्यांना?"

त्या कठडा धरून, धापा टाकत वर गेल्या. लेकीने विमान सोडले. मार्ग बरोबर होता. विमान आपोआप चालत होते. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, मी शेजारून पाहत होतो. घरावर येताच विमान डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले आणि सरळ झाले. अशी आज्ञा त्या मार्गात कुठेच नव्हती. तो मार्ग माझाच होता, म्हणून खात्रीने सांगतो.

विमान धावपट्टीवर टेकले, थांबले. थोड्या वेळाने आई खाली आल्या. हातात ओली चादर होती.

"दोनदा हलवले ना पंख?" त्यांनी विचारले.

लेकीने मान डोलावली.

"चल, सामान बांधू."

मग लेक मला बंद करायला वळली. तिने माझा पडदा पुसला आणि तिचा हात तिथेच थांबला. ढगांचा थर तसाच होता, उतरता उजेड तसाच होता. विमान नव्हते. नक्कल दिली तर मूळ जिथल्या तिथे राहते, हे मी तुम्हांला सांगितलेच आहे. माझे आकाश रिकामे होते.

आता मी माळ्यावर आहे. माझी वायर गुंडाळून माझ्याच डोक्यावर ठेवली आहे. बंद वस्तू बोलत नाहीत असे म्हणतात. तसे असेल तर तुम्ही हे कुणाकडून ऐकलेत, याचा विचार करू नका. एवढेच करा, मित्रांनो. घरातले जुने यंत्र टाकून देण्याआधी त्याची धूळ पुसा, त्याच्यापुढे क्षणभर बसा आणि बटण दाबण्यापूर्वी विचारा, आत कुणी अजून वर आहे का.