रामाजींच्या हातातला शेकर

मित्रांनो, मी एक जुना शेकर आहे. झाकण असलेला स्टीलचा उंच पेला म्हणा हवं तर. माझ्यात बर्फ, रस आणि आणखी काहीबाही घालून मला जोरात हलवतात. मग पेय थंड होतं आणि ते पिणारी माणसं मोठमोठ्यानं बोलू लागतात. यातल्या दुसऱ्या गोष्टीत रसाचा काही दोष नसे.

माझी उमेदीची वर्षं घुग्घुसला, खाणीच्या साहेब लोकांच्या क्लबात गेली. तिथे पेयं बनवणारे रामाजी मला हलवत. थंडीत कोणी साहेब स्ट्रॉबेरीची पेटी आणी. मग रामाजी गोऱ्या साहेबांच्या काळची कृती काढत. स्ट्रॉबेरी चेचायची, लिंबू, साखर, जिन, बर्फ घालायचा आणि सोडा सर्वांत शेवटी, पेल्यात वरून. एका नव्या साहेबानं सोडा माझ्यातच घालून हलवला. त्या दिवशी छतही प्यायलं.

सगळे वाहवा करत. रामाजींनी मात्र त्यातला थेंबही कधी जिभेवर ठेवला नाही. घरी रोज पंचशील म्हटलं जाई आणि त्यात मद्य वर्ज्य. त्यांचं सगळं माप नाकानं आणि डोळ्यानं.

निवृत्त होताना त्यांना एक शाल मिळाली आणि मी मिळालो. त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, शाल कपाटात ठेवली. मला मात्र त्यांनी चुलीच्या आसपासही येऊ दिलं नाही. मी मागच्या पडवीत खिळे सांभाळू लागलो. खिळ्यांशी माझं फारसं जमलं नाही. त्यांना टोचून बोलायची सवय.

यंदा थंडीत मनकर्णाबाईंना कावीळ झाली. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. पेज, ताक, नारळपाणी, सगळ्याला बाई मान फिरवत. रामाजी वाटी घेऊन उशाशी बसत आणि तीच भरलेली वाटी परत नेत.

अशात त्यांची नात संघप्रिया नागपूरहून स्ट्रॉबेरी घेऊन आली. वाटेतल्या खड्ड्यांनी ती आधीच चेचून ठेवली होती, त्यामुळे अर्धी कृती झालेलीच होती. रामाजींनी डब्याकडे पाहिलं, पडवीत आले, मला रिकामं केलं आणि उकळत्या पाण्यानं धुतलं. जिनच्या जागी त्यांनी आल्याचा रस घातला.

रामाजींचे हात आता कंपवातानं थरथरतात. लोकांसमोर ते चहासुद्धा घेत नाहीत. संघप्रिया म्हणाली, "आबाजी, मले द्या, मी हलवतो."

"राहू दे, बाई. हे एक काम तं आता हात आपसूकच करतेत."

मनकर्णाबाईंनी मला लगेच ओळखलं. "याच्यात काई नाई ना?"

"आलं हाय. आन् तुह्या नातीची स्ट्रॉबेरी."

"मंग पयले तुमी प्या."

रामाजींनी एक घोट घेतला, आपल्या कृतीचा आयुष्यातला पहिला. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"लई आंबट हाय व. आन् साहेब लोक मागून मागून पेत होते."

मनकर्णाबाई हसल्या. कावीळ झाल्यापासून प्रथमच. "आना इकडं. जल्मभर काय करत होते ते मले पाहू द्या."

पेला रामाजींच्या हातात हेलकावत होता. बाईंनी आपले दोन्ही हात त्यांच्या हातांभोवती धरले आणि थांबत थांबत तो रिकामा केला. मग म्हणाल्या, पुढच्या खेपेला साखर जरा जास्त टाका.

मित्रांनो, जुन्या वस्तू घासूनपुसून ठेवाव्यात हे तुम्हाला शाळेत सांगितलंच असेल. मी थोडं पुढचं मागतो. तुमच्या घरातल्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांसाठी जे केलं, ते एकदा तुमच्यासाठीही करायला सांगा. आणि त्याचा हात थरथरला, तर पेला काढून घेऊ नका. खालून नुसता आपला हात लावा.