शेंग नाही, तर नाव नाही

धाकटीला लोकांनी डोक्यावर घेतलं की थोरलीच्या पोटात दुखायचंच. ताईच्या बाबतीत तर हे दुखणं रोजचंच झालं होतं. दोघी सख्ख्या बहिणी एकाच संस्थेत, वाळवलेल्या झाडांच्या खोलीत कामाला. ताई जुनी मुरलेली, छोटी काल आलेली. आणि किनाऱ्यावरच्या नव्या केंद्रावर सर दोघींपैकी एकीला पाठवणार होते. ताईला ती जागा हवी होती. त्याहून जास्त, ती छोटीला मिळायला नको होती.

अशात छोटीने किनाऱ्यावरून एका झुडपाची फांदी आणली. पानांवर लोकरीसारखी रुपेरी लव, वर पिवळ्या फुलांचा तुरा. फांदी दाबून, वाळवून कागदावर चिकटवली आणि खाली नावही लिहून मोकळी झाली.

"वा! नजर आहे पोरीची," सर म्हणाले.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. "शेंग कुठाय? अशा लोकरी पानांची झुडपं दोन. एकाची शेंग चपटी, दुसऱ्याची मण्यांच्या माळेसारखी. हिने लिहिलंय ते या दुसऱ्याचं नाव. शेंग नाही, तर नाव नाही."

"मला दिसलीच नाही गं, ताई," छोटी हिरमुसली.

"सोमवारी बघू," सर म्हणाले.

रविवारी ताई गुपचूप किनाऱ्यावर गेली. शेंग चपटीच निघू दे, असं घोकत तिने झुडपाखालची वाळू उपसली. मागच्या बहराची एकुलती एक शेंग मिळाली, आणि तीही मण्यांची माळच. छोटीचं बरोबर होतं. ताईला रडू आलं, तेही रागाचं. तिने शेंग पर्समध्ये कोंबली.

सोमवारी ती सरांना म्हणाली, "शेंग कुठेच नाही. नाव खोडा."

"ताई म्हणते म्हणजे बरोबरच असणार," म्हणत छोटीने नावावर काट मारली.

"सोळा आणे खरं," सर म्हणाले. "मग शेंग धरेपर्यंत तिथे कुणीतरी राहायलाच हवं. झुडूप छोटीने शोधलंय, केंद्रही तीच सांभाळेल. ताई, तुमच्यासारखं काटेकोर माणूस मला इथेच हवं."

ताईची गत म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेंग दाखवली तर छोटी खरी, आणि आपण खोट्या.

"तुझ्यामुळे गं, ताई!" छोटीने तिला घट्ट मिठी मारली. दोघींच्या मधे पर्स दाबली गेली आणि आत काहीतरी कटकन मोडलं.

"काय गं ते?"

"काही नाही," ताई म्हणाली. "कंगवा असेल."