पोळ्याचा रंग, ॲम्बॅसेडरचे दिवे

आप्पांच्या ॲम्बॅसेडरचा ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचा, आणि इंडिकेटर लावला की मागचे लाल दिवे त्याच्या तालावर उघडझाप करायचे. हॉर्न तेवढा ठणठणीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नंदुरबारला पासिंगला न्यायची होती. माझा धाकटा भाऊ योगेंद्र आधीच जाहीर करून बसला होता, नापास झाली तर गाडी थेट भंगारात.

आप्पा, म्हणजे आमचे वडील हिलाल पाटील, तेव्हापासून धड जेवत नव्हते. शहाद्याहून आलेल्या वायरमनने वरवर पाहून सांगितलं होतं की सगळं वायरिंग बदलावं लागेल, आठवडा जाईल. मग आप्पांनी मला फोन केला. लोणखेड्याला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. तापीकाठच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात आणि चालत्या होऊन जातात. वायरिंगला मी घाबरत नाही. माणसं थापा मारतात, तारा मारत नाहीत.

मी पोचले तेव्हा योगेंद्र ओट्यावर मोबाईल घेऊन बसला होता.

"ताई, काबर हात काया करी ऱ्हायनी? त्या गाडीमा आते जीव नही."

"तुन्हामा शे ना? मंग ऊठ, बोनेट उघड."

उठला बिचारा. मी बॅटरीच्या निगेटिव्हला एक लांब वायर जोडली, मागच्या दिव्याची काच काढली, योगेंद्रला ब्रेक दाबून धरायला लावला आणि वायरचं दुसरं टोक आतल्या होल्डरला टेकवलं. दिवा भक्कन पेटला. म्हणजे वायरिंग धडधाकट होतं आणि रोग अर्थिंगचा होता. करंट बॅटरीतून वायरीने निघतो, दिवा पेटवतो आणि गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरीकडे येतो. ती परतीची वाट बंद असली की तो शेजारच्या दिव्यातून घुसायला बघतो, आणि मग ब्रेकला इंडिकेटर लागतो.

पण वाट बंद कशाने झाली? गंज तर कुठेच नव्हता. मी स्क्रू काढून दिवा पत्र्यापासून सुटा केला आणि खाली पाहिलं. तांबडा रंग. नखाने खरवडला तर त्याखाली हिरवा, त्याखाली पिवळा, परत तांबडा. स्क्रूसुद्धा रंगात बुडवून काढलेले.

मला लगेच कळलं. हा पोळ्याचा रंग.

घरी ट्रॅक्टर आला आणि लाल्या-बांड्या ही आमची शेवटची बैलजोडी गेली, त्या वर्षी पोळ्याला आप्पा शिंगांच्या रंगाचा डबा घेऊन अंगणात नुसतेच उभे होते. मग गाडीकडे वळले. पुढचे दोन दिवे, मागचे दोन दिवे, झाली दोन बैलांची चार शिंगं. तेव्हापासून दर पोळ्याला गाडीला अंघोळ, बोनेटवर बाशिंग, पुरणपोळीचा नैवेद्य, आणि दिव्यांच्या कडांना ऑइल पेंट. गाव हसायचं, आप्पा खुशाल हसू द्यायचे. नुसत्या कडा रंगवल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. पण आप्पांचं काम म्हणजे आतबाहेर चोख. गंज लागू नये म्हणून ते दरवेळी दिवे खोलून खालची जागासुद्धा रंगवायचे.

हे आता सांगायचं कसं? योगेंद्र शेजारीच उभा होता. पण लपवाछपवी मला जमत नाही.

"आप्पा, दिवा तुम्हना रंगमुये बिघडनात. तो खुरचना पडी."

आप्पांचा चेहरा एवढासा झाला. योगेंद्र फिसकन हसला, आणि माझं डोकंच फिरलं. हातातला पाना मी त्याच्या पायाशी असा आपटला की तो दोन पावलं मागे सरला.

"पोयाना रंग शे तो," आप्पा हळूच म्हणाले. "खुरचू नको. जाऊ दे गाडी."

गाडीसाठी जेवण सोडलेला माणूस रंगासाठी गाडी सोडायला निघाला होता. मला त्यांचा राग आला आणि मायाही आली. पण पासिंग माझ्या मायेवर थोडंच होणार होतं?

"बाहेरना रंग तसाच ऱ्हाई, आप्पा. आतमा बोटभर जागा द्या मले. नही ते उद्या बठ्ठा रंग भंगारमा जाई."

त्यांनी दिव्याच्या रंगीत कडेवरून एकदा बोट फिरवलं. मग हात पुढे केला.

"दे तो कागद."

पॉलिश पेपर घेऊन त्यांनी स्वतःच ती जागा घासली. तांबडा गेला, हिरवा गेला, पिवळा गेला, शेवटचा तांबडाही गेला, आणि खाली लख्ख पत्रा निघाला. चारही दिव्यांखाली त्यांनी तेवढंच घासलं, कणभर जास्त नाही. मी प्रत्येक होल्डरपासून एक काळी वायर काढून त्या उघड्या जागी आवळली आणि वरून पेट्रोलियम जेली फासली. योगेंद्रला स्क्रू सांभाळायला बसवलं.

ब्रेक दाबला तर फक्त ब्रेकचे दिवे लागले. इंडिकेटर दिला तर फक्त इंडिकेटर. आप्पा मागे उभे राहून म्हणत होते, "परत दाब. आखो एकदाव दाब." शेवटी मी सीटवर बसल्या बसल्या रडले. कुणी पाहिलं नाही, पाहिलं असतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी नंदुरबारला पासिंगच्या साहेबांनी एकेक दिवा लावून पाहिला, रंगीत कडांकडे बघून हसले, आणि गाडी पास केली.

यंदा पोळ्याला मी माहेरी गेले तर अंगणात योगेंद्र गाडीपाशी उकिडवा बसलेला. मागचा दिवा त्याने स्वतःच खोलला होता आणि ब्रश रंगात बुडवत होता. खाटेवरून आप्पा ओरडले,

"तठे नको लावू रे! तठेन करंट घर येस."

योगेंद्रने त्या बोटभर जागेवर अंगठा ठेवला आणि त्याच्या भोवतीने तांबडा रंग लावत राहिला.